मुंबईत स्पोर्ट्स मॅनेजमेंटची पदवी घ्यावी का, आणि त्यात नक्की काय शिकवतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी कॉमर्सला आहात, डोंबिवलीत राहता, मंडळाकडून कबड्डी खेळता, जिल्ह्याच्या निवड चाचणीपुढे मजल गेली नाही, पण काम खेळातच करायचं आहे. वडील म्हणतात, बी.कॉम. कर आणि बँकेच्या परीक्षा दे. तर ही पदवी घेऊन पोट भरतं का?

मी ही पदवी घेतली आहे आणि आता सामन्यांच्या आयोजनात आहे. तिकिटं, प्रवेशपास, गेट हे माझं काम. माझं उत्तर 'हो' आहे, पण एका अटीवर. हिशेब आणि करार या दोन गोष्टींत तुमचं मन रमलं पाहिजे. खेळाचं वेड वर्गात प्रत्येकालाच असतं, त्याचे वेगळे मार्क मिळत नाहीत.

अभ्यासक्रमाचा कणा कॉमर्सचाच आहे. सुरुवातीला अकाउंटिंग, मार्केटिंग, अर्थशास्त्र, व्यापारी कायदा. पुढे प्रायोजकत्व, प्रसारण हक्क, क्रीडा कायदा, मैदानाचं आणि स्पर्धेचं व्यवस्थापन, खेळाडूंचं व्यवस्थापन. कॉलेजागणिक नावं बदलतात, गाभा हाच. कॉमर्सवाल्याला पहिलं वर्ष सोपं जातं, हा तुमचा फायदा.

हे सगळं खेळाशी कुठे जोडलेलं आहे ते पाहायचं असेल तर चर्चगेटला उतरा. ब्रेबॉर्न स्टेडियम १९३७ साली उभं राहिलं, ते क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. मुंबईतल्या कसोटी तिथेच होत, पण मुंबईच्या क्रिकेट संघटनेच्या वाट्याला जागा किती यावरून दोघांत वर्षानुवर्षं वाद चालला. शेवटी संघटनेचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने तिने स्वतःचंच वानखेडे स्टेडियम बांधलं आणि जानेवारी १९७५ मध्ये तिथे वेस्ट इंडिजविरुद्ध पहिली कसोटी झाली. एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर दोन मोठी स्टेडियम उभी आहेत, ती खुर्च्यांच्या वाटणीवरून. मैदान कोणाचं, सामना कोणाचा, खुर्ची कोणाची आणि तिच्या पैशात वाटा कोणाचा, हे चार प्रश्न नीट सोडवता आले की निम्मी पदवी झाली असं मी मानतो.

आता त्यात पाचवा प्रश्न आलाय: चित्र कोणाचं? आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच मोसमांचे प्रसारण हक्क जून २०२२ मध्ये ४८,३९० कोटी रुपयांना गेले. तेव्हा ४१० सामने धरले होते, म्हणजे सामन्यामागे सुमारे ११८ कोटी. वानखेडेत साधारण ३३ हजार माणसं बसतात. प्रत्येकाने सरासरी ३ हजारांचं तिकीट काढलं असं धरलं, तरी गेटवर दहा कोटींच्या आतच जमतात. हा गुणाकार मी पहिल्यांदा वहीत मांडला तेव्हा सामना रात्री साडेसातला का सुरू होतो, मध्येच अडीच मिनिटांचा टाइम-आउट का असतो, हे कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

तिकिटाचंही तसंच. सप्टेंबर २०२५ पासून आयपीएलच्या तिकिटावर ४० टक्के जीएसटी आहे. मूळ १,००० रुपयांचं तिकीट प्रेक्षकाला १,४०० ला पडतं. मान्यताप्राप्त खेळांच्या इतर सामन्यांना ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटावर कर नाही आणि त्यापुढे १८ टक्के आहे. त्यामुळे एखाद्या स्पर्धेचं तिकीट ४९९ ठेवायचं की ५५० यावर खरोखर बैठका होतात आणि अशा बैठकीत ज्याला कराचा हिशेब तोंडपाठ असतो त्याचं ऐकलं जातं, मग तो वयाने सगळ्यांत लहान असला तरी. मला या कामाची गोडी लागली ती तिथे.

तुम्ही कबड्डीवाले, म्हणून हे सांगतो. २६ जुलै २०१४ ला वरळीच्या एनएससीआय स्टेडियममध्ये यू मुंबा आणि जयपूर पिंक पँथर्स यांच्यात प्रो कबड्डीचा पहिला सामना झाला. आपल्याकडे प्रभादेवी, लालबाग, परळ भागात मातीवर रात्री उशिरापर्यंत चालणारी कबड्डी लोकांना पाठ होतीच. लीगने मॅट घेतली, चढाईचं तीस सेकंदांचं घड्याळ प्रेक्षकांना दिसेल असं लावलं, आणि सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण आणायचाच, असा 'डू ऑर डाय'चा नियम आणला. कोंडी करून वेळ काढणं त्याने अवघड केलं. वीस-वीस मिनिटांची दोन सत्रं, मधली विश्रांती आणि जाहिराती धरून सामना टीव्हीवरच्या तासाभरात बसतो. हे बदल चांगले की वाईट यावर आमच्या परळच्या जुन्या खेळाडूंशी मी तासन् तास वाद घातलेत. माझं मत असं की या बदलांमुळे चढाईपटूला पहिल्यांदा नाव आणि पैसा मिळाला, पण साखळी पकडीतली सगळ्यांची मेहनत पडद्यावर अजून पुरेशी दिसत नाही. ती दाखवायची कशी हा तुमच्या पिढीने सोडवायचा प्रश्न आहे आणि तो कबड्डी खेळलेल्यालाच सुटेल.

वडिलांची भीती मात्र खोटी नाही. या धंद्यात करार संपला की नोकरी जाते. इंडियन सुपर लीगचे व्यापारी हक्क २०१० मधल्या १५ वर्षांच्या करारावर उभे होते. तो डिसेंबर २०२५ मध्ये संपणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी नवा करार वेळेत झाला नाही. २०२५-२६ चा मोसम महिनोन् महिने लांबला आणि काही क्लबांनी पगार थांबवले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा संसदेत मंजूर झाला, अशाच गेमचं अ‍ॅप असलेलं ड्रीम११ भारतीय क्रिकेट संघाच्या प्रायोजकत्वातून बाहेर पडलं आणि आशिया चषकात आपला संघ प्रायोजकाच्या नावाशिवायच्या जर्सीत उतरला. नंतर अपोलो टायर्स आलं. कायदा बदलला तर कोण कोणाला काय देणं लागतो, हे कलम करारात नेमकं कसं लिहावं, ते क्रीडा कायद्याच्या तासाला शिकवतात. तो तास चुकवू नका. कुणाचीही नोकरी कायमची असेल असं मी सांगणार नाही, पण ज्याला करार वाचता येतो त्याला वादळ आधी दिसतं आणि दुसरीकडे हात मारायला वेळ मिळतो.

कामाचं स्वरूपही स्वच्छ सांगतो. सामन्याच्या दिवशी मला खेळ दिसत नाही, मागच्या तासाभरात मैदानात काय झालं ते मोबाईलवर पाहतो. गळ्यातल्या कार्डावर छापलेल्या आकड्यांवरून कोण कुठे जाऊ शकतो ते ठरतं, आणि खेळाडू व सामनाधिकारी यांच्या भागात तर फोनसुद्धा बाहेर जमा करावा लागतो. दुपारपासून पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका, पाण्याचे कॅन, व्हीलचेअरवरचे प्रेक्षक, हरवलेली मुलं हेच चालू असतं. गेटवर लोकांचा घोळका वाढला की कोणतं गेट आधी उघडायचं हे मिनिटाभरात ठरवावं लागतं आणि इथे चुकीला जागा नसते, कारण समोर माणसांची गर्दी असते. रात्री सगळं आवरेपर्यंत शेवटची लोकल गेलेली असते. तुम्ही डोंबिवलीचे, तेव्हा मोसमात कुणाकडे तरी राहायची सोय आधीच बघून ठेवावी लागेल. सुरुवातीचा पगार साधा असतो, कंत्राट मोसमापुरतंही असू शकतं. पहिल्या दोन-तीन वर्षांत बँकेत लागलेला मित्र तुमच्यापुढे असेल. हे घरी आत्ताच मोकळेपणाने बोला.

मग मुंबईत ही पदवी घेण्यात एवढं काय आहे? इथे स्पर्धा बारा महिने आहेत. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मॅरेथॉन, पावसाळ्यात क्लब क्रिकेटची कांगा लीग, शाळांच्या क्रिकेटच्या हॅरिस आणि जाईल्स ढाली, कुपरेजवर फुटबॉल, हिवाळाभर चाळीचाळींतून कबड्डी. बीसीसीआयचं कार्यालय वानखेडेच्याच आवारात आहे. वर्गात दुपारी ऐकलेली गोष्ट संध्याकाळी मैदानावर पाहता येते, आणि हे दुसऱ्या फार थोड्या शहरांत जमेल. मॅरेथॉनला दरवर्षी स्वयंसेवक लागतात. पाण्याच्या टेबलावर उभं राहिलात तरी पहाटे रस्ते कसे बंद होतात, हजारो लोक टप्प्याटप्प्याने कसे सोडतात, हे समजतं.

पण माझा आग्रह त्याहून जवळच्या गोष्टीचा आहे. तुमचं मंडळ स्पर्धा भरवत असेलच. या वर्षी खेळण्याबरोबर तिचे हिशेब मागून घ्या. पावतीपुस्तकं किती फाटली, मॅटचं भाडं, मंडपवाला, पंचांचं मानधन, चषक, ध्वनिक्षेपकाची परवानगी, बाहेरगावच्या संघांचं जेवण, नगरसेवकाच्या बॅनरचे पैसे खरंच आले का. एका पानावर जमा आणि खर्च मांडा. त्यानंतर परिसरातल्या एखाद्या क्लासवाल्याकडे किंवा दागिन्यांच्या दुकानात जाऊन पुढच्या वर्षाचं प्रायोजकत्व मागा, आणि त्यांना बदल्यात काय मिळेल ते लेखी द्या. फलक किती, कुठे, बक्षीस समारंभात नाव किती वेळा. मुलाखतीला हे एक पान घेऊन आलेला मुलगा मला दहा प्रमाणपत्रांच्या फाइलपेक्षा जास्त सांगून जातो. आणि ते पान मांडताना कंटाळा आला, तर ही पदवी तुमच्यासाठी नाही हे फी भरायच्या आधीच कळेल.

क्रिकेटपुरतं पाहू नका, ही आणखी एक विनंती. कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करावे लागतात, आणि त्या कामांच्या यादीत ग्रामीण, ऑलिंपिक आणि पॅरालिंपिक खेळांचं प्रशिक्षण आहे. तो पैसा मागायला, वापरायला आणि त्याचा अहवाल लिहायला माणसं लागतात. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने क्रीडा मंडळ आणि लवाद आणले आहेत, तेव्हा संघटनांना नियम आणि कागदपत्रं सांभाळणारे लोक लागणारच. महिलांच्या खेळात तर आत्ता पाया घातला जातोय. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगचे पाच संघ मिळून सुमारे ४,६७० कोटींना गेले, आणि २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला. मी आज तुमच्या वयाचा असतो तर महिलांच्या कबड्डीकडे आणि पॅरा खेळांकडे वळलो असतो. तिथे शिकलेली माणसं कमी आहेत आणि काम अफाट पडलंय.

कॉलेजांबद्दल थोडक्यात. मुंबईत माजी कसोटीपटू नीलेश कुलकर्णी यांनी २०१० मध्ये सुरू केलेली आयआयएसएम (इंटरनॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्पोर्ट्स मॅनेजमेंट) ही या विषयाचीच संस्था आहे. पदवीनंतर एमबीए करायचं तर विद्याविहारचं सोमय्या आणि पुण्याचं सिम्बायोसिस आहे. वडिलांना मान्य असेल असा मधला रस्ताही चांगला आहे: चांगल्या कॉलेजातून बी.कॉम., तीन वर्षं मैदानावर मिळेल ते काम, आणि मग एमबीए. मी नोकरीला घेताना या वाटेने आलेल्यांना कधीच कमी लेखत नाही.

थेट पदवीलाच जाणार असाल तर कॉलेजात जाऊन हे विचारा. प्रमाणपत्रावर नाव कोणत्या विद्यापीठाचं असेल, संस्थेचं स्वतःचं सर्टिफिकेट आणि विद्यापीठाची पदवी यांत फार फरक आहे. सीईटी लागते का, कारण २०२४ पासून बीबीए, बीएमएसला सीईटी आली आणि बऱ्याच कॉलेजांनी अभ्यासक्रमांची नावं बदलली. इंटर्नशिप कुठे लागते, किती दिवसांची, तिचे पैसे मिळतात का. गेल्या तीन वर्षांतले विद्यार्थी आज कुठे आहेत, आणि त्यातल्या दोघांशी तुम्हाला स्वतः बोलता येईल का. जिथे फक्त भिंतीवरचे खेळाडूंचे फोटो दाखवतात आणि विद्यार्थ्यांचे नंबर देत नाहीत, तिथून परत या. फीचे हप्ते आणि मध्येच सोडलं तर परतीचा नियम लेखी मागा, आणि तो कागद वडिलांसोबत बसून वाचा. कर्ज काढायचं असेल तर सुरुवातीच्या साध्या पगारातून हप्ता निघेल का, हे त्याच कागदाच्या मागे मांडून बघा.