दहा दिवस गोळी घेऊनही फरक का पडत नाही?

तुमच्या भावाला डिप्रेशनची गोळी सुरू होऊन दहा दिवस झाले, फरक शून्य. मेंदूतलं सेरोटोनिन नावाचं रसायन कमी असतं म्हणतात, मग गोळीने ते वाढल्यावर बरं का वाटत नाही, आणि बंद करू का, असं तुम्ही विचारलंय. शेवटचं आधी सांगते: डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.

मी परळला मेडिकलमध्ये फार्मासिस्ट आहे. दहातल्या चारच गोळ्या फोडलेली स्ट्रिप "परत घेता का?" म्हणून काउंटरवर येते, तेव्हा फार वाईट वाटतं.

'सेरोटोनिन कमी' या कल्पनेचा एक धागा मुंबईतूनच जातो. सर्पगंधा ही वनस्पती रक्तदाबावर चालते हे इथल्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं. तिच्यातलं रेसरपिन मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं रिकामी करतं, आणि ते घेणारे काही रुग्ण उदास झाल्याची नोंद झाली. उलट १९५२ च्या सुमारास अमेरिकेत टीबीसाठी दिलेल्या इप्रोनियाझिडने रुग्ण हसू-बोलू लागले. त्या औषधाने हीच रसायनं टिकून राहतात. यावरून तर्क निघाला की रसायन घटलं की डिप्रेशन येतं. तो अपुरा ठरला. २०२२ मध्ये आधीच्या अभ्यासांचा मोठा आढावा घेतला, तर कमतरतेचा ठोस पुरावा मिळाला नाही. म्हणून गोळ्या खोट्या ठरत नाहीत. २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ५२२ चाचण्यांच्या विश्लेषणात २१ औषधं नकली गोळीपेक्षा सरस निघाली, फरक मात्र माफक होता.

आता दहा दिवसांचं. मेंदूतल्या पेशीने सोडलेलं सेरोटोनिन तीच परत ओढून घेते. एसिटालोप्रामसारखी डिप्रेशनची गोळी ही वाट अडवते, तेही काही तासांत. पण पेशीवर पहारेकरी असतात. सेरोटोनिन वाढलेलं दिसलं की ते पेशीला हात आखडायला लावतात. हे पहारेकरी सैल पडायला दोन-तीन आठवडे जातात. पेशींमधले नवे जोडही सावकाश तयार होतात. उशिराचं कारण बहुधा हेच असावं, असं मानतात.

माझ्या बाबांनाही अशीच गोळी होती. पहिल्या आठवड्यात नुसती मळमळ आणि जागरण. महिनाभराने एका दुपारी जेवताना म्हणाले, "कालवणात आमसूल कमी पडलंय गं." कित्येक महिन्यांत त्यांनी चवीबद्दल शब्द काढला नव्हता. आई ताट तसंच ठेवून आत गेली.

प्रत्येकाला पहिलंच औषध लागू पडतं असं नाही. चार ते सहा आठवड्यांनी डॉक्टर डोस किंवा औषध बदलतात. एकदम सोडलं तर काहींना चक्कर येते, डोक्यात करंट बसल्यासारखं होतं. भाऊ पंचविशीच्या आतला असेल तर सुरुवातीला जास्त लक्ष ठेवा. बेचैनी वाढली किंवा जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टर गाठा. रात्री-अपरात्री टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

आणि स्ट्रिपवर सुरू केल्याची तारीख पेनाने लिहून ठेवा. घरात कुणी "अजून काहीच कसं नाही?" म्हणालं, की दाखवायला होते.