रायटिंगमध्ये 6 बँड, आणि शेजारी स्टॉपवॉच घेऊन बसलेले बाबा

प्रश्न : माझ्या मुलीला आयईएलटीएस ॲकॅडमिकमध्ये, म्हणजे परदेशी विद्यापीठांसाठीच्या इंग्रजीच्या परीक्षेत, बाकी सगळीकडे 7 च्या वर बँड (गुण) आहेत, पण रायटिंग 6 वर अडकलंय. 6.5 हवेत. आलेखाचा प्रश्न आला की ती गडबडते. मी रोज रात्री स्टॉपवॉच लावून शेजारी बसतो, वाढ आणि घट यांचे साठ शब्द पाठ करून घेतलेत. तिच्या मावसबहिणीला 7.5 मिळाले. व्याकरणाचं कोणतं पुस्तक आणू? तिचं एक उत्तर सोबत जोडलंय.

उत्तर : पुस्तक आणू नका. तुमच्या पत्रात मावसबहिणीचे बँड आहेत, शब्दांचा हिशोब आहे. मुलीला पुढे काय शिकायचंय हे मात्र कुठेच नाही. मला काळजी वाटली ती याची.

तिचं उत्तर मी दोनदा वाचलं. पहिल्या काही ओळींत साधे, बरोबर शब्द खोडून त्यांच्यावर तुमच्या यादीतले शब्द लिहिलेत. ही मुलगी आलेख बघून लिहीत नाहीये, तुम्हाला काय आवडेल ते बघून लिहितेय. परीक्षेत त्या उत्तरासाठी 20 मिनिटं सुचवलेली असतात आणि ती तिची तिलाच सांभाळायची आहेत. स्टॉपवॉच तिच्या हातात द्या आणि खोलीबाहेर जा. मावसबहिणीचा विषय तर घरात बंदच करा.

भारी शब्दांनी बँड वाढतो, हा तुमचा समज तिला महागात पडतोय. शब्दसंपत्ती हा चार निकषांपैकी फक्त एक, आणि तिथेही शब्द नेमका लागतो. तिच्या आलेखात सायकलनं जाणाऱ्यांचं प्रमाण 20 टक्क्यांवरून 22 वर गेलं, तिथे तिनं 'स्कायरॉकेटेड', म्हणजे गगनाला भिडलं, असं लिहिलंय. परीक्षकाला ती सरळ चूक दिसते. 'रोझ स्लाइटली', म्हणजे किंचित वाढलं, पुरेसं होतं. बसचं प्रमाण 40 वरून 60 टक्के झालं, तिथे 'इन्क्रीज्ड बाय 20 पर्सेंट' आहे. 40 चे 20 टक्के म्हणजे 8. तसं असतं तर आकडा 48 झाला असता. 'टू 60 पर्सेंट' किंवा 'बाय 20 पर्सेंटेज पॉइंट्स' हवं. 'टू'नंतर पोहोचलेला आकडा येतो, 'बाय'नंतर फरक. 'मोर हायर' तर तिला स्वतःलाच खटकलं असतं, शांतपणे वाचायला मिळालं असतं तर.

त्याहून मोठी उणीव म्हणजे तिनं सगळे आकडे ओळीनं मांडलेत, तुलना कुठेच केलेली नाही. बस वाढत असताना कार कमी झाली, हे 'व्हाइल' घालून एका वाक्यात बसतं. आलेखात एकूण काय दिसतं ते सांगणाऱ्या दोन ओळी, म्हणजे ओव्हरव्ह्यू, तोही नाही. तो नसेल तर बाकी व्याकरण कितीही सुधारलं तरी उत्तर मागेच राहतं. आणि निबंधाला, म्हणजे टास्क 2 ला, या आलेखाच्या दुप्पट वजन असतं. त्याचा तुमच्या पत्रात उल्लेखसुद्धा नाही!

फक्त रायटिंग पुन्हा देण्याची सोय बऱ्याच ठिकाणी आहे. विद्यापीठ तो निकाल स्वीकारतं का, ते आधी विचारा.

पण तारीख लगेच घेऊ नका. आधी तिला मला पत्र लिहू द्या, तुम्ही न वाचता. कोणता विषय, आणि बाहेर जायचं तिच्या मनात आहे की तुमच्या, एवढं तिनं लिहिलं तरी पुढचं मी तिच्याशीच बोलेन.