प्रत्यारोपणानंतर एसजीपीटी वाढला, आता?

प्रश्न : यजमानांचं यकृत प्रत्यारोपण होऊन १४ महिने झाले. यकृताच्या रक्ततपासणीतला एसजीपीटी नेहमी ३०-३५ असतो. काल रात्री नऊला लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर आला, त्यात ११८. यांना काही त्रास नाही, ऑफिसलाही जातात. शरीर नवं यकृत नाकारतंय, म्हणजे रिजेक्शन असेल का? रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. (डोंबिवली)

उत्तर : अजून प्रत्यारोपण टीमच्या कोऑर्डिनेटरला फोन केला नसेल तर आधी तो करा, मग पुढचं वाचा. ‘काही त्रास नाही’ म्हणून पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत थांबू नका. रिजेक्शन सुरुवातीला मुकं असतं. ताप नाही, कावीळ नाही, फक्त रक्तात आकडे हलतात. म्हणून तर आपण इतक्या वेळा सुया टोचून घेतो.

पण ११८ हा एकटा आकडा रिजेक्शन सांगत नाही. एसजीपीटी आणि एसजीओटी वाढले की यकृताच्या पेशींना इजा होते आहे, एवढंच कळतं. अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी जास्त चढले असतील, तर नजर पित्तनलिकेकडे जाते. कावीळ दाखवणारं बिलिरुबिन आणि रक्त गोठण्याचा वेग सांगणारा आयएनआर बिघडले, तर घाई वाढते. त्यामुळे डॉक्टरांना नुसता एसजीपीटी सांगू नका, पूर्ण रिपोर्ट आणि मागचे पाच-सहा रिपोर्ट पाठवा. आकडा कुठून कुठे आला, हे आम्हाला त्यातून दिसतं. ३० चा ४२ झाला तर मी बहुधा काही दिवसांनी पुन्हा तपासायला सांगेन. ३५ चा ११८ झाला, तर टॅक्रोलिमसची (रिजेक्शन रोखणाऱ्या गोळीची) रक्तातली लेव्हल, यकृताच्या रक्तवाहिन्यांची डॉप्लर सोनोग्राफी आणि सीएमव्ही विषाणूची तपासणी बघेन. हिपॅटायटिस बी किंवा सी मुळे प्रत्यारोपण झालं असेल, तर तोही परतला नाही ना, हे पाहीन. उत्तर नाही मिळालं तर बायोप्सी. बायोप्सीचं नाव काढलं की घरचे घाबरतात, पण अंदाजानं स्टिरॉइड देण्यापेक्षा बघून दिलेलं बरं. कारण विषाणूचा संसर्ग असेल आणि आपण प्रतिकारशक्ती आणखी दाबली, तर नुकसानच.

आणि रिजेक्शन निघालंच, तरी ‘यकृत गेलं’ असा त्याचा अर्थ नाही. वेळेत सापडलेलं रिजेक्शन बहुतेकदा औषधाचा डोस वाढवून किंवा काही दिवस शिरेतून स्टिरॉइड देऊन आटोक्यात येतं. यजमानांना एक गोष्ट शांतपणे, न रागावता विचारा : गेल्या महिन्यात गोळ्या चुकल्या का? लोकलच्या गर्दीत, उशिरा घरी आल्यावर रात्रीची गोळी राहून जाते आणि माणूस ते सांगायला लाजतो. डॉक्टरांना मात्र ते कळलंच पाहिजे. आणि राहिलेली गोळी भरून काढायला दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

प्रश्न : सकाळी आठला टॅक्रोलिमस घेऊन अकराला रक्त दिलं. लेव्हल १४ आली, एरवी ६ असते. मी आपणहून डोस अर्धा करू का? (ठाणे)

उत्तर : नाही. हा आकडा बहुधा चुकीच्या वेळेचा आहे. गोळी घेतल्यावर एक ते तीन तासांत औषध रक्तात शिखरावर असतं. आम्हाला हवी असते ती पुढच्या गोळीच्या अगदी आधीची, सगळ्यात खालची पातळी. बारा तासांनी घ्यायची गोळी असेल, तर आदल्या रात्री आठला घ्या, सकाळी आठच्या सुमारास रक्त द्या आणि मगच गोळी. गोळी खिशात ठेवून लॅबमध्ये जा, म्हणजे ती विसरणार नाही. आत्ता डॉक्टरांना वेळेचा घोळ सांगा आणि तपासणी पुन्हा करा. खोट्या ‘जास्त’ लेव्हलवर डोस उतरवला, तर खरं रिजेक्शन ओढवू शकतं.

लेव्हल खरंच वाढली असेल, तर कारण शोधावं लागतं. फंगससाठीची फ्लुकोनाझोल, घशासाठी दिलेलं क्लॅरिथ्रोमायसिन ही नेहमीची कारणं. ग्रेपफ्रूट आणि त्याच्याच गोतातलं पपनसही लेव्हल वाढवतं, तेव्हा गणपतीच्या फळांतलं पपनस घरच्यांनाच खाऊ द्या. उलट, टीबीचं रिफाम्पिसिन लेव्हल झपाट्यानं खाली आणतं. मुंबईत टीबी दुर्मीळ नाही, म्हणून ते औषध सुरू करण्याआधी प्रत्यारोपणाच्या टीमशी बोलणं अटळ आहे.

प्रश्न : सासूबाई प्रेमानं गुळवेलीचा काढा देतात. नैसर्गिक आहे, चालेल ना? (गिरगाव)

उत्तर : चालणार नाही. कोविडच्या काळात प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईतल्याच डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. आणि तुम्ही तर प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या घेताय. ती चेतवणारं काहीही तुमच्यासाठी उलटं काम करतं. सासूबाईंना पुढच्या भेटीला सोबत आणा, मी स्वतः समजावतो. त्यांचा मान राखून सांगितलं की त्या ऐकतील.

प्रश्न : पावसात गुडघाभर पाण्यातून चालावं लागलं. लिव्हरचे रिपोर्ट बिघडतील का? (कुर्ला)

उत्तर : साचलेल्या पाण्यातून होणाऱ्या लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) भीती खरी आहे. पायाला जखम असो वा नसो, त्याच दिवशी टीमला विचारा, प्रतिबंधक औषध घ्यायचं का ते. ताप आला तर डोलो घेऊन घरी बसू नका.

प्रश्न : मी २९ वर्षांचा. ताईनं मला यकृताचा भाग दिला. आता पित्तनलिका आकसली म्हणून ती उघडी ठेवायला स्टेंट (बारीक नळी) टाकलाय. दर महिन्याला रिपोर्ट बिघडलेला. वाटतं, ताईचं दान मी वाया घालवतोय. तिला सांगायची हिंमत होत नाही. (बोरिवली)

उत्तर : यात तुमची काही चूक नाही. जिवंत दात्याच्या यकृतात पित्तनलिका बारीक असतात, कधी दोन-तीन वेगवेगळ्या जोडाव्या लागतात. जोड भरताना तिथे आकसणं ही ओळखीची अडचण आहे. तुम्ही काय खाल्लं, किती काळजी घेतली, याच्याशी तिचा संबंध नाही. बहुतेकांना ठरावीक अंतरानं स्टेंट बदलत महिनोन्‌महिने काढावे लागतात आणि बऱ्याच जणांची पित्तनलिका त्यातून मोकळी होते. यकृत आत काम करतच असतं.

ताईला सांगा. तिचा भाग तुमच्या पोटात आहे, तिला कळण्याचा हक्कही आहे. शिवाय स्टेंट बदलण्याच्या तारखा लक्षात ठेवणारं घरात आणखी कोणीतरी हवंच. त्या तारखा टाळू नका, जुना स्टेंट तुंबतो. थंडी वाजून ताप, गडद लघवी किंवा पांढुरकी शौच दिसली तर रविवार असो, मध्यरात्र असो, थेट कॅज्युअल्टी गाठा आणि दारातच सांगा : ‘यकृत प्रत्यारोपण झालंय, आत स्टेंट आहे.’