गोव्यातील थंडी आणि गोठ्याची तयारी: वाचकांचे प्रश्न

सरद (पावसाळी) भाताची कापणी सुरू झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. चिखलाने कुजलेले खूर आणि घटसर्पाची धास्ती मागे पडते व थंडीसाठी काय तयारी करावी, अशी विचारणा होऊ लागते. ज्या कुटुंबांकडे दोन-चार गुरे, काही शेळ्या आणि परसात थोड्या कोंबड्या आहेत, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून यावेळची उत्तरे लिहिली आहेत.

प्रश्न : आमच्याकडे दोन संकरित गाई, एक गावठी गाय आणि नुकतेच जन्मलेले एक वासरू आहे. बेळगावकडील नातेवाईकांच्या मते थंडीत गोठा चारही बाजूंनी ताडपत्रीने बंद करून आत रात्रभर शेकोटी ठेवावी. तसे करावे का? (वाचक, धारबांदोडा)

करू नये. बेळगावच्या पठारावर हा सल्ला काही अंशी योग्य असेल, परंतु गोव्याच्या किनारपट्टीत डिसेंबर-जानेवारीतील रात्रीचे तापमान साधारणपणे २० अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी ते त्याहून काही अंशांनी उतरते, इतकेच. दुभत्या संकरित गाईला ५ ते २५ अंशांपर्यंतचे तापमान मानवते. म्हणजे आपल्याला ज्या पहाटे अंगावर घोंगडी ओढावीशी वाटते, ती पहाट गाईच्या दृष्टीने वर्षातील सर्वांत सुखाची असते. तिचे दूध आटते ते एप्रिल-मेच्या उकाड्यात. थंडीची भीती आपण घाटावरच्या पुस्तकांतून उसनी घेतली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बंद गोठ्यात मुताचा अमोनिया आणि श्वासातील वाफ कोंडते, जमीन ओली राहते, वासरे खोकू लागतात आणि ओल्या जागेत बसणाऱ्या गाईच्या सडांना कासदाह होण्याचा धोका वाढतो. त्यात शेकोटीचा धूर मिळाला तर फुप्फुसांचे नुकसान होते, शिवाय पेंढ्याला आग लागण्याची भीती वेगळीच. गोठ्यातील हवा तपासायची असेल तर पहाटे दार उघडताच आत जाऊन वासराच्या नाकाच्या उंचीइतके खाली बसावे आणि दोन-चार दीर्घ श्वास घ्यावेत. डोळे चुरचुरले किंवा घशात तिखट वास चढला, तर गोठा गरजेपेक्षा जास्त बंद आहे असे समजावे.

वासराची गोष्ट मात्र वेगळी. त्याच्या अंगावर चरबी नसते आणि उघड्या सिमेंटच्या जमिनीवर बसले की त्याची ऊब खालून निघून जाते. त्याच्यासाठी कोपऱ्यात सुका पेंढा किंवा भाताचे तूस जाड पसरावे आणि ज्या बाजूने वारा येतो त्याच बाजूला जमिनीपासून तीन-साडेतीन फुटांपर्यंत गोणपाट बांधावे. वरचा भाग उघडाच ठेवावा. दूध धारोष्ण पाजावे आणि दिवसभरातील एकूण प्रमाण वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढे असावे. जाता जाता एक गोष्ट सांगतो: आपली गावठी गाय नाकाडापासून शेपटीच्या गोंड्यापर्यंत पांढरी असेल, तर ती गोव्याची नोंदणीकृत जात असलेली श्वेत कपिला असू शकते. ती दूध कमी देत असली तरी आपल्या दमट हवेला सरावलेली असते, त्यामुळे केवळ लिटर मोजून तिला विकण्याची घाई करू नये.

प्रश्न : दिवाळीच्या पाडव्याला गुरांना गोडधोड किती खाऊ घालावे? (वाचक, डिचोली)

नैवेद्य म्हणून ओंजळभर, त्याहून अधिक नाही. आपल्याकडे हा सण गुरांचा असल्यामुळे घरातील प्रत्येक जण आणि वर शेजारीही पोळे, भात, खीर घेऊन गोठ्यात जातात आणि गाय कोणालाच नाही म्हणत नाही. एकदम पोटात गेलेले पिष्टमय अन्न कोठीपोटात वेगाने आंबते, आम्लता वाढते आणि चारा पचवणारे सूक्ष्मजीव मरतात. दुसऱ्या दिवशी जनावर रवंथ थांबवते, आंबूस वासाची पातळ हगवण लागते आणि प्रकरण वाढले तर ते बसून राहते. अशी लक्षणे दिसताच खुराक बंद करून केवळ सुका चारा समोर ठेवावा आणि पशुवैद्यकांना त्याच दिवशी बोलवावे.

प्रश्न : दोन म्हशी आणि एक गाय आहे. यंदा भात यंत्राने कापल्यामुळे पेंढा शेतात विस्कटून पडला आहे व त्यावर रोज दव पडते. पावसाळ्यापर्यंत किती पेंढा लागेल आणि त्यावर युरियाची प्रक्रिया करणे सुरक्षित आहे का? (वाचक, पेडणे)

तीन पत्रांत हाच विषय आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. गोव्यात थंडीची खरी तयारी म्हणजे चाऱ्याची तयारी होय, कारण डोंगरावरील गवत डिसेंबरपर्यंत वाळून जाते आणि पुढचे हिरवे गवत थेट जूनमध्ये उगवते. थोडा हिरवा चारा मिळत असेल असे धरले, तरी मोठ्या जनावराला दिवसाला सुमारे ५ किलो पेंढा लागतो. तीन जनावरे आणि नोव्हेंबर ते मे असे सुमारे २१० दिवस, म्हणजे तीन टनांहून थोडा अधिक पेंढा झाला. एक एकर भातातून साधारण दीड ते दोन टन पेंढा मिळतो. या हिशेबाने आपल्याला दोन एकरांचा पेंढा हवा. तो कमी पडणार असेल तर आताच विकत घ्यावा, कारण एप्रिलमध्ये भाव विकणाऱ्याच्या मर्जीवर ठरतो.

विस्कटलेला पेंढा सकाळी दव उडाल्यानंतर उलटावा, दुपारच्या उन्हात आणखी एकदा वर-खाली करावा आणि संध्याकाळचे दव पडण्यापूर्वी ढीग करून झाकावा. दोन-तीन दिवस कडक ऊन मिळाले की कांडी वाकवताच मोडते. तेव्हाच उडवी, म्हणजे पेंढ्याची गंजी, रचावी. उडवीखाली फळ्या किंवा पोफळीचे ओंडके टाकून जमिनीची ओल तोडावी. रचल्यानंतर चार-पाच दिवसांनी उडवीच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून पाहावा. आत ऊब किंवा कुबट वास जाणवला, तर आळस न करता सगळी उडवी उलगडून पुन्हा वाळवावी. बुरशी लागलेला पेंढा खाऊन विशेषतः म्हशींच्या कानांची टोके, शेपटी आणि खुरांवरचा भाग काळा पडून झडू लागतो. हा आजार थंडीच्या दिवसांतच दिसत असल्यामुळे पुष्कळदा थंडीलाच दोष दिला जातो.

युरियाची प्रक्रिया नीट केल्यास सुरक्षित आहे. १०० किलो सुक्या पेंढ्याला ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावा. पेंढ्याचे थर पसरत प्रत्येक थरावर ते पाणी झारीने सारखे शिंपडावे, पायाने घट्ट तुडवावे आणि शेवटी जाड प्लास्टिकने हवाबंद झाकून २१ दिवस हात लावू नये. नुसत्या पेंढ्यात प्रथिने ३ ते ४ टक्केच असतात, ती यामुळे जवळपास दुप्पट होतात आणि पेंढा मऊ पडून अधिक पचतो. रोज लागेल तेवढाच पेंढा बाहेर काढून तासभर मोकळ्या हवेत पसरावा, म्हणजे अमोनियाचा वास निघून जातो; सुरुवातीचा आठवडा तो साध्या पेंढ्यात मिसळून द्यावा. सहा महिन्यांखालील वासरांना तो देऊ नये. युरियाचे पाणी ज्या बादलीत कालवले, ती बादली गुरांच्या तोंडाला लागेल अशा ठिकाणी ठेवणे हाच या कामातील सर्वांत मोठा धोका आहे, कारण त्यातील थोडे पाणीसुद्धा जनावराचा जीव घेऊ शकते.

युरिया नको असेल तर कापणीनंतर शेतात उरलेल्या ओलीवर अळसांदे (चवळीचा एक प्रकार) पेरावेत. शेंगा घरात येतात आणि वेल वाळवून पेंढ्यात मिसळले की तो चारा म्हशी चाटून पुसून खातात. कुळागर (पोफळीची बाग) असेल तर पोफळीच्या गळालेल्या विऱ्यांचे, म्हणजे झावळीच्या बुडाशी असणाऱ्या रुंद आवरणांचे, तुकडे करूनही सुका चारा म्हणून देता येतात. याशिवाय प्रत्येक मोठ्या जनावराला रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण द्यावे; केवळ पेंढ्यावर असलेली म्हैस माजावर न येण्यामागे पुष्कळदा हीच उणीव असते.

प्रश्न : आमच्या घरी पूर्वापार गोठ्यात पातेरा (रानातील पालापाचोळा) अंथरतात. माकडतापाच्या भीतीने आता ते बंद करावे असे मुलगा म्हणतो. गुरांमुळे हा ताप पसरतो का? (वाचक, सत्तरी)

मुलाचे म्हणणे ऐकावे. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात १९५७ मध्ये प्रथम ओळखल्या गेलेल्या या तापाचे रुग्ण सत्तरीत २०१५ पासून आढळत आले आहेत. गुरे त्याने आजारी पडत नाहीत आणि माणसाला तो थेट देतही नाहीत, तथापि त्यांचा संबंध नाही असे म्हणता येणार नाही. जंगलात चरणाऱ्या गुरांच्या रक्तावर प्रौढ गोचिडी पोसल्या जातात आणि नंतर जमिनीवर उतरून अंडी घालतात. त्यांची अर्धवट वाढलेली, मोहरीच्या दाण्याहून लहान पिले साधारण डिसेंबरपासून मेपर्यंत पालापाचोळ्यात वावरतात आणि माणसाला चावतात ती मुख्यतः हीच पिले. नेमक्या याच दिवसांत आपण तो पाचोळा टोपलीत भरून, डोक्यावर घेऊन घरी आणतो.

म्हणून निदान पावसाळा येईपर्यंत जंगलातील पातेरा आणू नये. गोठ्यात भाताचे तूस, लाकडाचा भुसा, काथ्याचा भुसा किंवा गुरांनी टाकलेला सुका पेंढा अंथरावा. रानात जावेच लागले तर अंगभर कपडे घालावेत, आरोग्य केंद्रातून कीटकरोधक तेल मिळते का याची चौकशी करावी, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि साबणाने आंघोळ करावी. अचानक जोराचा ताप, डोकेदुखी आणि असह्य अंगदुखी सुरू झाल्यास आपण रानात गेलो होतो हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता वन किंवा आरोग्य खात्याला कळवावे.

गुरांवरील गोचीडनाशक पशुवैद्यकांनी सांगितलेल्या प्रमाणातच वापरावे. फवारण्यापूर्वी गुरांना पोटभर पाणी पाजावे, म्हणजे ती ओले अंग चाटत नाहीत. कानांच्या आत, शेपटीच्या मुळाशी, कासेभोवती आणि मांड्यांच्या सांध्यांत औषध पोहोचले नाही, तर पाठ भिजवून काही उपयोग होत नाही. घरातील सर्व गुरांना एकाच दिवशी औषध लावावे आणि दोन ते तीन आठवड्यांनी पुन्हा लावावे. संकरित गाईला ताप येऊन लघवी लाल झाली, तर तोही गोचिडीतूनच आलेला आजार असू शकतो. तेथे घरगुती उपायांत वेळ घालवू नये.

प्रश्न : पाऊस संपल्यापासून दोन शेळ्या खंगत आहेत. संध्याकाळी जबड्याखाली सूज दिसते. (वाचक, केपे)

पापणी खाली ओढून आतला रंग पाहावा. तो गुलाबी नसून पांढुरका असेल, तर रक्त पिणारे जंत किंवा यकृतातील चपटे कृमी असण्याची दाट शक्यता आहे. भातशेतीतील साचलेल्या पाण्यात ज्या गोगलगायी असतात त्यांतून चपटे कृमी येतात आणि साधे जंतनाशक त्यांच्यावर पुरेसे चालत नाही, म्हणून ताज्या लेंड्या जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासून मगच औषध द्यावे. शेळ्यांना दव उडाल्याशिवाय सोडू नये, कारण ओल्या गवताच्या टोकावर जंतांच्या अळ्या चढून बसलेल्या असतात. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या साथीच्या विषाणूजन्य रोगाची लस दिलेली नसेल तर अशक्तपणा गेल्यावर ती घ्यावी. एका लसीचे संरक्षण सुमारे तीन वर्षे टिकते.

प्रश्न : नोव्हेंबरपासून कोंबड्या अंडी देईनाशा होतात. थंडी बाधते का? (वाचक, काणकोण)

बाधतो तो लहान दिवस. डिसेंबरात आपल्याकडे दिवस सव्वाअकरा तासांच्या आसपास असतो, तर भरपूर अंडी देण्यासाठी कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो. सुधारित जातीच्या कोंबड्या असतील तर खुराड्यात पहाटे दिवा लावून ही तूट भरून काढावी. दिवा पहाटेच लावावा, कारण संध्याकाळी लावलेला दिवा एकदम विझला की कोंबड्या अंधारात दांडीवर चढू शकत नाहीत. गावठी कोंबड्यांसाठी विजेचा हा खर्च परवडणारा नाही. त्यांना याच काळात खुडूक बसू द्यावे आणि पिल्ले काढून घ्यावीत. आईविना वाढणाऱ्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश ऊब लागते व पुढे दर आठवड्याला ती तीन अंशांनी कमी करता येते. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर दिवा खाली घ्यावा, भिंतीला चिकटून धापा टाकत असतील तर वर न्यावा. मानमोडीची (राणीखेत रोगाची) पहिली लस पाचव्या ते सातव्या दिवसादरम्यान डोळ्यांत थेंब टाकून द्यावी.