वाचक विचारतात: ४७ घोडे, १७५ किलो आणि बारामती

मागच्या अंकात एप्रिलिया आरएस ४५७ या दोन सिलिंडरच्या स्पोर्ट्स बाईकवर लिहिलं आणि प्रश्नांचा पाऊस पडला. निम्मे 'मायलेज किती देते' हेच विचारणारे, ते बाजूला ठेवलेत, राग मानू नका. बाकीच्यांतले हे चार.

दादा, मी बारामतीचाच. ही गाडी आमच्याकडं बनते याचा अभिमान आहे पण एक कळत नाही, एवढं भारी इंजिन आणि पॉवर फक्त ४७.६ पीएस (म्हणजे घोडे)? सरळ ६० दिली असती तर काय बिघडलं असतं?

बारामतीत काहीच बिघडलं नसतं भावा, युरोपात बिघडलं असतं. बनते तुमच्याकडं पण विकायची आहे जगभर, आणि तिकडं ए-टू नावाचं एक मधलं लायसन्स असतं, नवीन पोरं आधी ते काढतात. त्यावर ३५ किलोवॅटच्या वरची गाडी चालवता येत नाही. आता ३५ किलोवॅटचे पीएस किती होतात ते मोबाईलवर काढून बघ, ४७.६ येतील. दुसरी अट अशी की गाडीच्या एका किलोमागे ०.२ किलोवॅटपेक्षा जास्त ताकद नको. या गाडीचं पेट्रोलसकट वजन १७५ किलो, त्याला ०.२ ने गुण. बरोब्बर ३५! मला तर हा आकडा पहिल्यांदा जुळला तेव्हा हसूच आलं, गाडी अजून पाच किलो हलकी केली असती तर कायद्यानं पॉवर ३४ किलोवॅटवर आणावी लागली असती, म्हणजे घाम गाळून वजन कमी करायचं आणि बक्षीस म्हणून पॉवर घालवायची. ही गाडी आली तेव्हा मोठी बहीण आरएस ६६० हिला १०० पीएस होते, म्हणजे ७३.५ किलोवॅट. मूळ पॉवर ७० किलोवॅटच्या वर असेल तर गाडीचा गळा आवळून ३५ वर आणली तरी ए-टूला चालत नाही.

माझा मित्र म्हणतो २७० डिग्री क्रँक म्हणजे नुसता आवाजाचा खेळ, कावासाकी निंजाचं १८० डिग्री इंजिन जास्त स्मूद. खरं कोण? (कराड)

मित्र अर्धा बरोबर आहे. दोन पिस्टन शेजारी शेजारी असले की ते क्रँकवर, म्हणजे पिस्टनच्या खाली-वर होण्यानं गोल फिरणाऱ्या दांड्यावर, किती अंशांच्या फरकानं बसवायचे हा सगळा प्रश्न. १८० मध्ये एक वर तर दुसरा खाली, झोपाळ्यासारखं, मोठे हादरे एकमेकांना मारतात पण इंजिन डावी-उजवीकडं डुलायला बघतं. शिवाय दोन ठिणग्यांमधे क्रँक आधी १८० अंश फिरतो आणि मग एकदम ५४०, त्यामुळं खालच्या आरपीएमला आवाज जरा फटफट येतो. २७० मध्ये हेच अंतर २७० आणि ४५०, म्हणजे नव्वद अंशाच्या व्ही-ट्विनला (दोन सिलिंडर इंग्रजी व्ही सारखे तिरपे बसवलेलं इंजिन) जे असतं तेच, म्हणून आवाजही तसाच. यामाहानं १९९५ च्या टीआरएक्स ८५० मध्ये हे केलं होतं आणि आपल्या रस्त्यावरच्या रॉयल एनफिल्ड इंटरसेप्टर ६५० मध्ये पण हेच आहे, जाऊन ऐका.

पण मित्राला हे सांगा की फरक कानापेक्षा मनगटात कळतो. पिस्टन टोकाला गेला की क्षणभर थांबतो, मधे आला की सगळ्यात जोरात असतो. १८० मध्ये दोघं एकाच वेळी थांबतात आणि एकाच वेळी पळतात, त्यामुळं क्रँक एका फेरीत थोडा हळू थोडा जोरात असा फिरत राहतो. २७० मध्ये एक थांबलेला असताना दुसरा जवळपास पूर्ण वेगात असतो, हिशोब मिटतो, आणि मुठीत जो धक्का येतो तो बहुतेक जळणाऱ्या पेट्रोलचाच येतो. मागचं टायर किती धरतंय ते नीट कळतं. किंमत एवढीच की मोठे हादरे आपोआप मिटत नाहीत, त्यासाठी बॅलन्सर शाफ्ट, म्हणजे हादरे मारणारा वजनदार दांडा, वेगळा फिरवत बसावं लागतं. वरच्या आरपीएमला १८० वाला जास्त स्मूद पळेल, मान्य, पण पावसाळ्यात वरंधा घाट चढताना मी २७० च घेईन.

माझी उंची पाच फूट तीन. सीट ८०० मिमी आहे. मेकॅनिक म्हणाला मागचा शॉकअप सैल करून देतो, करू का? (सांगली)

ताई, करू शकता पण तो म्हणतोय तसं 'सैल' काही होत नाही. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंग आधीच किती दाबून ठेवायची ते, फिरवल्यानं स्प्रिंग कडक किंवा मऊ होत नाही, गाडी तुमच्या वजनाखाली किती बसते तेवढंच बदलतं. मागचा ट्रॅव्हल, म्हणजे चाक वर-खाली किती हलू शकतं ते, १३० मिमी आहे, तुम्ही बसल्यावर त्यातले साधारण ३५ ते ४० जायला हवेत, कुणाला तरी टेप धरायला सांगा आणि मोजा. त्याहून जास्त बसवली तर सीट थोडी खाली येईल खरी पण पुढचं चाक हलकं पडून गाडी वळायला आळशी होईल. मी उलटं केलं होतं, जुन्या गाडीला प्रीलोड पूर्ण आवळून टाकला, दिसायला रेसिंग, आणि दोन महिने रस्त्यांना शिव्या देत फिरलो! आधी एका पायावर उभं राहायची सवय करून बघा, दोनच सिलिंडर असल्यानं गाडी कमरेत बारीक आहे, पाय सरळ खाली जातो.

२०० जाईल का? (नाव, गाव काहीच नाही)

हवेला ढकलायला लागणारी पॉवर वेगाच्या घनानं वाढते. समजा १८० ला तुझे सगळे ४७ पीएस संपले, तर २०० ला साधारण ६५ लागतील. ते १८ तू कुठून आणणार? सायलेन्सर बदलून नाही मिळत, शेजाऱ्यांची झोप तेवढी जाते.