लँडलाइन नको, फक्त इंटरनेट हवे. आणि आता लोकअदालतीची नोटीस

प्रश्न: आम्ही मुलुंड पूर्वेला राहतो. माझ्या नावावर जुनी लँडलाइन होती आणि त्याच तारेवर ब्रॉडबँड. फोन कोणीच वापरत नव्हते, म्हणून ‘फोन बंद करा, इंटरनेट चालू ठेवा’ असा अर्ज दिला. फोनशिवाय नेट तांत्रिकदृष्ट्या देता येत नाही, असे कंपनीने कळवले. शेवटी कनेक्शन सरेंडर केले, मोडेम परत केला, त्याची पावती आहे. तरीही फोनच्या भाड्याची बिले येतच राहिली आणि अनामत रक्कम मिळाली नाही. आता २,८३२ रुपयांच्या थकबाकीसाठी राष्ट्रीय लोकअदालतीची नोटीस आली आहे. घरचे म्हणतात, भरून टाक, कोर्टाची भानगड नको. काय करू?

उत्तर: ताई, पैसे भरू नका. निदान आत्ता तरी नाही.

आधी नोटिशीबद्दल, कारण झोप तिनेच उडवली असणार. कागदावर विधी सेवा प्राधिकरणाचे नाव, न्यायालयाचा पत्ता आणि तारीख पाहिली की आपल्यावर खटला झाला असे कोणालाही वाटेल. पण नोटिशीवर ‘दाखलपूर्व’ असा शब्द शोधा. तो असेल तर तुमच्याविरुद्ध अजून दावाच दाखल झालेला नाही. कंपनीने तडजोडीसाठी तुम्हाला बोलावले आहे, एवढाच त्याचा अर्थ. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार लोकअदालत दोन्ही बाजूंच्या संमतीनेच निवाडा करते. संमती नसेल तर ती तुमच्यावर रक्कम लादू शकत नाही. मात्र एकदा तडजोडीवर सही झाली की तो निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा ठरतो आणि त्यावर अपील नाही. म्हणून ठरलेल्या दिवशी जरूर जा, सरेंडरचा अर्ज व मोडेमची पावती यांच्या प्रती न्या आणि ‘ही रक्कम मला मान्य नाही’ असे लेखी द्या. ‘अर्धे भरा, विषय मिटवा’ असे कोणी गोडीत म्हणाले तरी घाईने सही करू नका. न दिलेल्या सेवेचे अर्धे पैसे तरी का द्यायचे?

आता मूळ प्रश्न. कंपनीचे तांत्रिक कारण मला पटत नाही. तांब्याच्या तारेवर माणसाचा आवाज साधारण चार किलोहर्ट्झच्या आत जातो, इंटरनेट त्याच्या वरच्या लहरींवर चालते. दोन्ही वेगळे करायला घरात ती छोटी स्प्लिटरची डबी लावलेली असते. डायल टोन बंद केली म्हणून इंटरनेट बंद पडण्याचे कारण नाही. फायबरवर तर फोनचा प्रश्नच येत नाही, तिथे फोनच इंटरनेटसारखा डेटा होऊन जातो. एक मान्य करायला हवे: एक्स्चेंजपासून तुमच्या इमारतीपर्यंत तार राखण्याचा खर्च खरा आहे आणि तो कंपनी इंटरनेटच्या दरात धरू शकते. पण ‘आधी हा फोन घ्या, मगच इंटरनेट’ ही अट वेगळी. एक सेवा मिळण्यासाठी दुसरी घेणे ग्राहकावर बंधनकारक करणे, याला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ च्या कलम २(४१) मध्ये निर्बंधात्मक व्यापारी प्रथा म्हटले आहे, आणि तिच्याविरुद्ध तक्रार करता येते.

तरी तुमची ताकद कुठे आहे ते स्पष्ट सांगते. कंपनीने फक्त इंटरनेटची योजना काढावी असा आदेश मिळवणे अवघड आहे. तांत्रिक अडचणीचा मुद्दा ते तिथे लढवतील. सरेंडरनंतरची बिले आणि अडकवलेली अनामत, इथे मात्र पावती तुमच्या हातात आहे. तक्रारीत हा भाग आधी मांडा, अटीचा मुद्दा त्याच्या मागे.

पहिली पायरी कंपनीचीच. ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाच्या २०१२ च्या विनियमांप्रमाणे तक्रार केंद्रात तक्रार नोंदवा आणि डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. समाधान झाले नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जा. त्याला शुल्क नाही, आणि निर्णयासाठी ३९ दिवसांची मुदत आहे. सोबत एक पत्र स्पीड पोस्टनेही पाठवा आणि पोच जपून ठेवा. तोंडी आश्वासनांचा पुढे काडीचाही उपयोग होत नाही.

तिथे दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. मुलुंड मुंबई उपनगर जिल्ह्यात येते, त्यामुळे तुमचा आयोग वांद्रे पूर्वेला. कंपनीचे मुख्यालय देशात कुठेही असो, तुम्ही राहता तिथे तक्रार करण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे. इतक्या रकमेला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्याही दाखल होते. कंपनीचा वकील २००९ चा निवाडा काढून ‘टेलिफोनचे वाद ग्राहक मंचात चालत नाहीत’ असे म्हणेल. तुम्ही फेब्रुवारी २०२२ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय दाखवा. दूरसंचार सेवेची तक्रार ग्राहक आयोगात चालते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

मुदत दोन वर्षांची आहे, आणि ती वादाचे कारण घडल्यापासून मोजतात. सरेंडरची तारीख आजच पाहा. वर्ष-दीड वर्ष उलटून गेले असेल तर कंपनीच्या उत्तराची वाट पाहत बसू नका, थेट आयोगात तक्रार टाका.