ग्रुप सीबीटीला जाऊ का? माझा अनुभव

तू लिहिलंयस की कॉलेजच्या समुपदेशकांनी डिप्रेशनच्या लक्षणांसाठी ग्रुप सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी, गटात होणारी उपचारपद्धत) सुचवलीय, पण दुसऱ्यांची रडगाणी ऐकून आणखी खचेन आणि कोणी ओळखीचं निघालं तर पंचाईत, अशा दोन भीती आहेत. ह्याच दोन भीती घेऊन मी थर्ड इयरला असताना नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका जिन्यात दहा मिनिटं घुटमळलो होतो.

रडगाण्याला तिथे वेळच नसतो. दीड तास, आठ जण, आणि बराच वेळ गृहपाठ बघण्यात जातो. हो, गृहपाठ! तक्त्यात लिहायचं: काय घडलं, मनात काय आलं, किती वाईट वाटलं (१००पैकी), त्या विचाराच्या बाजूने पुरावा काय, विरुद्ध काय. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या पद्धतीचा हा गाभा. एकट्याने भरताना मला तो तक्ता भंपक वाटायचा.

मग दिंडोरीकडच्या एका मुलाने त्याचा वाचला. "द्राक्षाचे पैसे माझ्या फीत गेले आणि मला केटी लागली, म्हणजे मी घरावर ओझं." मी लगेच म्हणालो, "अरे, एका केटीने कोणी ओझं होतं का?" बोललो आणि गप्प झालो. माझ्या मांडीवरच्या कागदावर जवळजवळ तेच वाक्य होतं. मला वाटतं, ग्रुपचा खरा फायदा हाच: स्वतःशी कधी बोललो नसतो तसं मी त्याच्याशी बोललो.

दुसरा गृहपाठ असतो काहीतरी करण्याचा. मी लिहिलं होतं: सोमेश्वरपर्यंत चालत जाणं, मजा येईल दहापैकी १. आली ४. फार नाही, पण अंदाज चुकला हे कागदावर दिसलं. दोन आठवडे मात्र मी काहीच केलं नाही, आणि फरकही पडला नाही.

एक मात्र नीट ऐक. सुरुवातीला पीएचक्यू-९ नावाची डिप्रेशनच्या लक्षणांची नऊ प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतील. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे उत्तर 'हो'कडे झुकत असेल तर ग्रुप सुरू व्हायची वाट बघू नकोस. आजच समुपदेशकांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना सांग, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लाव. फुकट आहे, रात्रीही उचलतात.

ओळखीचं निघालं का? निघालं. माझ्याच डिव्हिजनची मुलगी. कॉलेजात ओळख दाखवायची नाही असं आमचं ठरलं होतं. दुसऱ्याच आठवड्यात कॅन्टीनच्या रांगेत तिनेच मागून विचारलं, "तक्ता भरलास का रे?"